माइक सोफ्यावर ठेवू नका! होम थिएटरचं रूम करेक्शन, पायरीपायरीनं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे अडखळे आणि दोनदा बोललेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोली तशीच ठेवली आहे. ज्यांना फक्त सेटिंग हवंय त्यांनी थेट ०८:२० पासून वाचा. पण आधीचं वाचलंत तर सेटिंग का करायचं ते कळेल.)

००:०० इअरफोनमध्ये खोली नसते

तुमच्यातले बहुतेक जण हे आत्ता इअरफोनवर ऐकत असणार. लोकलमध्ये, बसमध्ये, नाहीतर भांडी घासताना. इअरफोनची एक सोय असते. आवाज थेट कानात जातो, मध्ये खोली येत नाही. त्यामुळे तोच इअरफोन पुण्यात घाला नाहीतर सावंतवाडीत, गाणं तसंच वाजणार.

स्पीकरचं तसं नाही. स्पीकरमधून निघालेला आवाज थोडा सरळ तुमच्याकडे येतो, आणि बराचसा भिंतींवर, फरशीवर, स्लॅबवर, काचेच्या खिडकीवर आपटून येतो. म्हणजे तुम्ही स्पीकर ऐकत नाही, स्पीकर अधिक खोली ऐकता. दुकानात भारी वाटलेला सेट घरी आणल्यावर विचित्र वाटतो तो यामुळेच. दुकानदारानं फसवलेलं नसतं, खोली बदललेली असते.

आजचा विषय रूम करेक्शन. रिसिव्हरसोबत एक छोटा माइक येतो, स्क्रीनवर 'माइक लावा' असं येतं, स्पीकरमधून हुप्प-हुप्प असे आवाज येतात आणि शेवटी 'कॅलिब्रेशन पूर्ण' अशी पाटी येते. ते नेमकं काय असतं, त्यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते बघू.

०१:३० आमच्या घरातली गोष्ट

मी दोन वर्षं पैसे साठवून ५.१ सेट घेतला. म्हणजे पुढे तीन स्पीकर, मागे दोन आणि एक सबवूफर. त्याच संध्याकाळी माइक लावला, बटण दाबलं, दहा मिनिटांत काम संपलं. गाड्या उडाल्या की सोफा हलायचा. मी खूश.

मग लक्षात आलं की बाबा सिनेमा सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत उठून आत जातात. विचारलं की म्हणायचे, "झोप येतेय रे." शेवटी आई म्हणाली, "त्यांना बोललेलं कळत नाही. सारखं 'काय म्हणाला?' विचारायला बरं वाटत नाही त्यांना." त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, "अरे, रात्री तुमच्याकडे मिक्सर चालू असतो का? काहीतरी घुमतं."

म्हणजे बघा, घरातल्या माणसाला संवाद ऐकू येत नाहीत आणि खालच्या घरात मात्र घुमतंय. एवढे पैसे घालून मी नेमकं उलटं करून ठेवलं होतं.

०२:५० परातीतलं पाणी

आता थोडं विज्ञान. कंटाळू नका, एक परात घ्या.

परातीत पाणी भरा आणि हलकेच हेलकावा द्या. काय होतं? काठावरचं पाणी वर-खाली होतं, मधलं जवळपास जागच्या जागी राहतं. खोलीतल्या हवेचंही खालच्या सुरांना असंच होतं. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण २२ फूट लांब असते. एवढी लांब लाट १५ फुटांच्या हॉलमध्ये मावत नाही. ती भिंतींमध्ये मागे-पुढे हेलकावे खाते, आणि एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला खोलीच वाजायला लागते. भिंतीपाशी तो सूर प्रचंड मोठा, मधोमध जवळपास गायब.

हा सूर कोणता ते घरी काढता येतं. ५६५ ला खोलीच्या फुटातल्या लांबीनं भागा. आमचा हॉल १५ बाय १०. म्हणजे लांबीचा सूर साधारण ३८ हर्ट्झ, त्याची दुप्पट ७५ च्या आसपास, आणि रुंदीचा ५६ हर्ट्झ. आता गंमत बघा. आमची उंचीही १० फूट. म्हणजे उंचीचाही सूर ५६! दोन सूर एकाच जागी आले की तिथला घुमारा डबल. चौकोनी खोल्या आवाजाला वाईट म्हणतात ते यासाठीच.

आणि आमचा सोफा कुठे होता? आपल्याकडे जिथे असतो तिथेच. मागच्या भिंतीला चिकटून, म्हणजे परातीच्या काठावर. घुमणारे सगळे सूर तिथे सगळ्यात मोठे. खालचा आवाज मोठा झाला की तो त्याच्या वरचा आवाज झाकतो, हा आपल्या कानाचा स्वभाव आहे. त्यामुळे संवाद स्पीकरमधून बरोबर निघत होते, पण बाबांच्या कानापर्यंत पोचताना त्या घुमाऱ्याखाली दबत होते.

०५:०० माइक नेमकं काय मोजतो

रिसिव्हरमधली ही सिस्टीम वेगवेगळ्या नावांनी येते. डेनॉन आणि मरांट्झमध्ये प्रामुख्यानं ऑडिसी, यामाहात वायपीएओ, अँथममध्ये एआरसी. डिरॅक ही स्वीडनची कंपनी, तिचं सॉफ्टवेअर अनेक ब्रँडमध्ये मिळतं. नावं वेगळी, काम साधारण तेच. माइक तीन गोष्टी शोधतो.

पहिली, अंतर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. मागचा स्पीकर जवळ असेल तर त्याचा आवाज आधी पोचतो. म्हणून रिसिव्हर त्याला थोडा थांबवतो, म्हणजे सगळे एकाच वेळी पोचतात.

दुसरी, पातळी. सगळे स्पीकर तुमच्या जागेवर सारखे मोठे वाजले पाहिजेत. सेंटर स्पीकर हळू वाजत असेल तर संवाद गेले, कारण सिनेमातले जवळपास सगळे संवाद सेंटरमधूनच येतात.

तिसरी, फ्रिक्वेन्सी. कोणता सूर जास्त येतोय, कोणता कमी, ते पाहून फिल्टर बनवतो. ५६ हर्ट्झला डोंगर असेल तर तो कापतो.

०६:२० काय जमत नाही

हे नीट ऐका, कारण निम्मे लोक इथेच निराश होतात.

डोंगर कापता येतो, पण खड्डा भरता येत नाही. परातीच्या मधोमध पाणी हलत नाही म्हणून तुम्ही परात आणखी जोरात हलवलीत, तर काठावरून पाणी सांडेल, मध्य तसाच राहील. खोलीतल्या खड्ड्याचं तेच. १० डेसिबल वाढवायचे तर अँप्लिफायरला दहापट पॉवर द्यावी लागते, आणि एवढं करून खड्डा बऱ्याचदा तसाच. त्याला उपाय एकच, सोफा किंवा सबवूफर हलवणं.

दुसरं, प्रतिध्वनी जात नाही. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर्र' असा आवाज आला तर तो तुमच्या टाइल्सचा आणि मोकळ्या भिंतींचा. तो सॉफ्टवेअरनं जाणार नाही. त्याला सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट हाच उपाय.

तिसरं, शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबत नाही. घुमारा कापला की फरक पडतो, पण खोल बास स्लॅबमधून जातोच. त्याला व्हॉल्यूमचं बटण आणि रात्री दहानंतरची समज. दुसरं काही नाही.

०८:२० माइक लावण्याआधी

आता करूया. रविवारी सकाळी एक तास बाजूला काढा.

आधी सोफा. भिंतीपासून निदान एक-दीड फूट पुढे ओढा. मोठी खोली असेल तर लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे १५ फुटांच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीपासून साडेपाच-पावणेसहा फुटांवर बसून बघा. बरोबर मधोमध मात्र नको, तिथे खड्डा असतो. आपल्या हॉलमध्ये एवढी जागा निघत नाही, मला माहितीये. दीड फूट निघाला तरी पुष्कळ.

मग सेंटर स्पीकर. आमचा टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला होता. तसा ठेवला की आवाज आधी त्या खणातच घुमतो. त्याला पुढच्या कडेला आणा आणि त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे करा. खाली असेल तर पुढच्या बाजूला रबराचा तुकडा देऊन थोडा वर वळवा. एवढ्या एका गोष्टीनं आमच्याकडे संवाद निम्मे सुधारले. फुकटात.

मग सबवूफर. त्याची जागा शोधायची एक मजेशीर पद्धत आहे. सबवूफर सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, बास असलेलं एखादं गाणं लावा आणि तुम्ही भिंतींच्या कडेनं गुडघ्यांवर रांगत फिरा. जिथे बास घुमत नाही पण भरीव ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवायचा. घरचे हसतील. हसू द्या.

सबवूफरच्या मागची बटणं: व्हॉल्यूम साधारण मध्यावर, क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण पुढे किंवा 'एलएफई'वर, फेज शून्यावर. ऑटो-स्टँडबाय बंद, नाहीतर मोजणीच्या मध्येच तो झोपी जातो.

१०:१० माइक लावताना

आता माझ्या पहिल्या प्रयत्नाची यादी ऐका. मी माइक सोफ्याच्या गादीवर ठेवला होता, पाठीला टेकवून. पंखा तीनवर. स्वयंपाकघरात कुकरची तयारी चालू, आणि तिसऱ्या हुप्पला शिट्टी झाली. शिवाय एकाच जागी मोजून मी 'पुढे' दाबत गेलो. हे सगळं चूक होतं.

बरोबर असं:

१. माइक ट्रायपॉडवर लावा. मोबाईलचा स्वस्त ट्रायपॉड चालतो. तो सोफ्यासमोर किंवा सोफ्याच्या जागी उभा करा. हातात धरू नका, गादीवर तर नकोच. सोफ्याची पाठ माइकला चिकटली की त्याला तुमच्या कानांपेक्षा वेगळंच ऐकू येतं, आणि तो त्या चुकीच्या आवाजाला दुरुस्त करत बसतो.

२. उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी. तोंड कुठे, ते तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. ऑडिसीच्या माइकचं तोंड छताकडे ठेवतात.

३. पहिली मोजणी मुख्य जागेवर. ही सगळ्यात महत्त्वाची, कारण अंतर आणि पातळी त्यावरून ठरते. बाकीच्या मोजण्या तिच्या आजूबाजूला, फूट-दोन फुटांच्या आत. ऑडिसीच्या वरच्या आवृत्त्यांत आठ जागा मोजता येतात. सगळ्या मोजा. पण कोपऱ्यातल्या मोड्यावर वगैरे जाऊ नका, तिथे कोणी बसत नाही.

४. पंखा, एसी बंद. खिडक्या बंद, मोबाईल सायलेंट. घरच्यांना सांगा, "वीस मिनिटं कुकर नको." तुम्हीही हॉलमध्ये असाल तर माइक आणि स्पीकरच्या मध्ये उभे राहू नका.

५. सबवूफरची पातळी मोजताना बरेच रिसिव्हर ७५ डेसिबलच्या आसपास आणायला सांगतात. सबवूफरचं बटण फिरवून तिथे आणा.

मोबाईलच्याच माइकनं हे सगळं करू का, असं बरेच जण विचारतात. दोन जागांची तुलना करायला साउंड मीटरचं अ‍ॅप ठीक आहे. पण करेक्शनसाठी रिसिव्हरसोबत आलेलाच माइक वापरा, कारण तो माइक कसा ऐकतो हे सिस्टीमला माहीत असतं. हरवला असेल तर कुठलातरी दुसरा लावून चालणार नाही, त्याच मॉडेलचा मागवा.

१२:४० 'पूर्ण' आल्यावर काम संपत नाही

आता मेनूत जाऊन निकाल वाचा.

स्पीकरचा आकार. रिसिव्हरनं 'लार्ज' ठरवलं असेल तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. 'स्मॉल' म्हणजे कमीपणा नाही. खालचा आवाज सबवूफरकडे पाठवा, एवढाच त्याचा अर्थ. ऑडिसीनं ८० पेक्षा जास्त सुचवलं असेल, समजा ११०, तर ते खाली आणू नका. वर नेलेलं चालतं.

सबवूफरचं अंतर. सबवूफर आठ फुटांवर आहे आणि रिसिव्हर बारा दाखवतोय? घाबरू नका, दुरुस्तही करू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटला थोडा वेळ लागतो, तो वेळ रिसिव्हरनं फुटांत धरलेला असतो.

सबवूफरची पातळी. ती -१२ दिसत असेल तर सावध. अनेक रिसिव्हरमध्ये ते कमी करण्याचं शेवटचं टोक असतं. म्हणजे सबवूफर त्याहूनही मोठा आहे आणि रिसिव्हरचे हात टेकलेत. सबवूफरचं बटण कमी करून पुन्हा मोजा. आमच्या पहिल्या वेळी -१२ च होतं. काकूंचा मिक्सर तो हाच!

संवाद. सगळं करूनही बोलणं थोडं मागे वाटत असेल तर सेंटरची पातळी एक-दोन डेसिबल वाढवा. यात कसली फसवणूक नाही, घर तुमचं आहे. ऑडिसीचं वेगळं विकत घ्यायचं मोबाईल अ‍ॅप आहे. त्यात 'मिडरेंज कॉम्पेन्सेशन' नावाचं एक सेटिंग असतं. ते चालू असलं की २ हजार हर्ट्झच्या आसपास आवाज मुद्दाम थोडा कमी होतो. बोलण्यातली व्यंजनं ओळखायला तोच भाग लागतो. ते बंद करून बघा.

त्याच अ‍ॅपमध्ये करेक्शन कुठपर्यंत लावायचं तेही ठरवता येतं. फ्लॉइड टूल हे या क्षेत्रातले मोठे संशोधक. खोलीचा खरा त्रास खालच्या काहीशे हर्ट्झमध्ये असतो, त्याच्या वर चांगल्या स्पीकरला फार छेडू नये, असं ते सांगत आले आहेत. स्पीकर बरे असतील तर करेक्शन ३०० ते ५०० हर्ट्झपर्यंतच ठेवून ऐकून बघा. आणि ग्राफची रेघ अगदी सपाट दिसली पाहिजे असा हट्ट नको. खालून वर जाताना हलका उतार असलेला आवाज बहुतेकांना जास्त आवडतो.

रात्रीसाठी 'डायनॅमिक व्हॉल्यूम' किंवा 'नाइट मोड' असतो. तो मोठे आवाज दाबतो, बारीक आवाज वर आणतो. सिनेमाची मजा थोडी कमी होते, पण दर दोन मिनिटांनी रिमोट शोधावा लागत नाही.

शेवटी, लगेच निकाल देऊ नका. घुमारा कापल्यावर पहिल्यांदा वाटतं की बासच गेला. आपल्या कानाला घुमाऱ्याची सवय झालेली असते. चार-पाच दिवस तसंच ठेवा. मग करेक्शन बंद करून ऐका, म्हणजे आधी काय ऐकत होतो ते कळेल.

१५:३० बाबांचं काय झालं

मी हे सगळं पुन्हा केलं. सोफा दीड फूट पुढे आला (आईला अजून आवडलेलं नाही, मागे धूळ साठते म्हणते). सेंटर पुढे आला, खाली सतरंजी आली, सबवूफरचं बटण उतरलं. काकूंना मुद्दाम विचारलं. म्हणाल्या, "हल्ली नसतं रे काही." सिनेमा पाहताना रात्रीचा व्हॉल्यूमही आधीपेक्षा कमी लागतो, कारण संवाद ऐकण्यासाठी वाढवावा लागत नाही.

बाबा बसायला लागले. पण पूर्ण सिनेमा नाही, अर्धाच. मी पुन्हा सेटिंगमध्ये शिरलो. सेंटर दोन वाढव, तीन वाढव. एक दिवस आईच म्हणाली, "मशीनची तपासणी झाली. आता माणसाची करूया का?"

कानाची तपासणी केली. वरच्या फ्रिक्वेन्सीत ऐकणं कमी झालेलं निघालं, वयानं होतं तसं. 'स', 'श', 'त', 'क' ही अक्षरं तिथेच असतात. बाबांना आवाज ऐकू येत होता, शब्द सुटत होते. फोनवर, बँकेत, लग्नात सगळीकडेच सुटत होते. आम्हाला कळलं मात्र होम थिएटरमुळे.

आता ते कानाला मशीन लावतात. आधी लावायला तयार नव्हते, ते वेगळं पुराण आहे. पण मला सांगायचंय ते एवढंच. माइक तुमची खोली मोजतो, तुमच्या घरातल्या माणसांचे कान मोजत नाही. सगळं नीट करूनही कोणी सारखं 'काय म्हणाला?' विचारत असेल, किंवा विचारायचं सोडून उठून जात असेल, तर रिमोट खाली ठेवा आणि त्यांच्याशी बोला.

तुमच्या हॉलची लांबी, रुंदी आणि उंची कॉमेंटमध्ये टाका. ५६५ ला भागून तुमचा सूर कोणता निघतो तेही लिहा. कुणाची उंची आणि रुंदी सारखी निघाली तर माझ्याकडून सहानुभूती. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत सोफा थोडा पुढे ओढा!